उंबरठ्यावरची साथ : नवी मुंबई परिसरातील वृद्धाश्रम, लसीकरण आणि पूर्वतयारी

नवी मुंबई हे शहर प्रामुख्याने कमावत्या वयाच्या माणसांसाठी वसवले गेले. मार्च १९७० मध्ये सिडको या नगरविकास महामंडळाची स्थापना झाली, वाशीपासून आरंभ करून एकेक नोड आकाराला येत गेला, आणि मुंबईच्या चाळींत किंवा उपनगरांतील एका खोलीत राहणाऱ्या नोकरदार कुटुंबांनी कर्ज काढून खाडीपलीकडे घरे घेतली, तेव्हा आराखडे आखणाऱ्यांसमोर शाळा, बाजारपेठा, रेल्वे स्थानके आणि उद्याने होती. त्याच घरांत चाळीस वर्षांनी पती किंवा पत्नी गमावलेले वृद्ध एकटे उरतील, लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीचा जिना त्यांना उतरता येणार नाही आणि त्यांची मुले पुण्यात, बंगळूरूत किंवा परदेशात असतील, हा विचार त्या काळी कोणाला सुचला नसेल तर त्यात नवल नाही. वाशी, नेरूळ, बेलापूर येथे पहिल्या काही दशकांत राहायला आलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या एक कोटी दहा लाखांच्या पुढे गेली होती आणि हे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे दहा टक्के होते. त्यानंतर ते वाढतच गेले आहे.

या पिढीतील ज्यांना घरी सांभाळणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या संस्था दोन प्रकारच्या आहेत. एक प्रकार शहराच्या कडेला, पनवेल तालुक्यात नेरे येथील शांतिवनासारख्या जुन्या सेवाभावी संस्थांच्या आवारात किंवा तळोजा-खारघरच्या पट्ट्यात दिसतो, तर दुसरा प्रकार शहराच्या आतच, रो-हाउसमध्ये किंवा भाड्याच्या बंगल्यात दहा-पंधरा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या खासगी केंद्रांचा आहे. यात एक प्रशासकीय अडचण दडलेली आहे, आणि साथीच्या काळात ती जिवावर बेतते. नवी मुंबई महानगरपालिका ठाणे जिल्ह्यात आहे, पनवेल तालुका रायगड जिल्ह्यात. पनवेलच्या शहरी भागासाठी ऑक्टोबर २०१६ पासून स्वतंत्र महानगरपालिका आहे, तिच्या हद्दीबाहेरील गावांचे आरोग्य रायगड जिल्हा परिषदेकडे आहे. नेरूळमध्ये आयुष्य काढलेली व्यक्ती वृद्धाश्रमात गेली की बहुधा तिची हद्दच बदलते. तिचे शिधापत्रिकेवरील आणि आधारवरील पत्ते एका ठिकाणचे राहतात, प्रत्यक्ष वास्तव्य दुसऱ्या ठिकाणी असते, आणि कोणत्याही आरोग्यसेविकेच्या घरभेटीच्या यादीत तिचे नाव सापडत नाही.

कायद्याच्या अंगानेही वृद्धाश्रम असाच अधांतरी राहिला आहे. रुग्णालये आणि शुश्रूषागृहे १९४९ च्या नोंदणी कायद्याखाली येतात आणि त्यांच्यावर आरोग्ययंत्रणेची देखरेख असते. वृद्धाश्रमांचा विषय मात्र सामाजिक न्याय विभागाचा मानला जातो. १९९५ नंतर युती सरकारच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत उभारलेली मातोश्री वृद्धाश्रमांची योजना याच दृष्टीतून आली होती : निवारा, जेवण आणि सोबत. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाविषयीच्या २००७ च्या केंद्रीय अधिनियमातील कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निर्धन वृद्धांना सामावणाऱ्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे, कलम २० मध्ये सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी खाटा, स्वतंत्र रांगा आणि दीर्घकालीन आजारांवरील उपचार यांचा उल्लेख आहे. लसीकरण हा शब्द या कलमांत नाही. निवाऱ्याची संस्था म्हणून सुरू झालेल्या या घरांत आज मधुमेह, अर्धांगवायू, स्मृतिभ्रंश आणि मूत्रपिंडविकार असलेली माणसे वर्षानुवर्षे राहतात, म्हणजे व्यवहारात ती शुश्रूषागृहेच झाली आहेत, पण आरोग्यव्यवस्थेच्या दप्तरात त्यांची जागा अजून वसतिगृहाची आहे. लसीकरणाच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

वृद्धाश्रमाला विषाणूचा धोका अधिक का, याची कारणे शरीरात आहेत तशी इमारतीतही आहेत. वय वाढते तशी नव्या जंतूला ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करण्याची शरीराची क्षमता मंदावते. वैद्यकशास्त्रात या मंदावण्याला प्रतिकारशक्तीचे वार्धक्य म्हणतात. त्यामुळे एकीकडे संसर्ग अधिक गंभीर होतो आणि दुसरीकडे लशीचा प्रतिसादही तरुणांच्या तुलनेत कमी व अल्पजीवी असतो. याहून कमी लक्षात घेतली जाणारी गोष्ट म्हणजे वृद्धाचा आजार अनेकदा ओळखताच येत नाही. फ्लू किंवा कोविड झालेल्या ऐंशी वर्षांच्या व्यक्तीला ताप न येता केवळ जेवणावरची वासना जाते, ती एकाएकी असंबद्ध बोलू लागते, न्हाणीघरात पडते किंवा दिवसभर झोपून राहते. दीर्घकालीन निवासी काळजीगृहांसाठीच्या निकषांत तापाची मर्यादा म्हणूनच खाली आणलेली आहे : तोंडातील तापमान एकदा ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर गेले, किंवा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या तापमानापेक्षा १.१ अंशाहून अधिक वाढले, तरी तो ताप समजावा. नेहमीचे तापमान किती याची नोंदच नसेल, तर हा निकष कागदावर राहतो. इमारतीचे म्हणायचे तर, एका खोलीत चार-सहा खाटा, सामाईक न्हाणीघर, एकत्र जेवण आणि कोकणच्या पावसात चार महिने लावून घेतलेल्या खिडक्या, संसर्ग पसरायला एवढे पुरेसे असते.

बंदिस्त संस्थेतील लसीकरणाचा विचार या परिसराला नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, वाल्देमार हाफकिन यांनी अल्पावधीत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तेथील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. टोचून घेतलेल्यांत आजार आणि मृत्यू स्पष्टपणे कमी आढळले. कैद्याची स्वेच्छा कितपत मोकळी असू शकते हा प्रश्न त्या प्रयोगाला कायमचा चिकटलेला आहे, आणि आश्रितांच्या संमतीचा विचार करताना तो विसरता येत नाही. प्लेग हा विषाणूचा नव्हे तर जिवाणूचा आजार. तरीही एका छपराखाली राहणाऱ्यांत साथ शिरल्यावरही लस उपयोगी पडू शकते, हे त्या तुरुंगात दिसले. पुढे परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव मिळाले आणि लस ही मुंबईकरांच्या नित्याच्या व्यवहारातली गोष्ट झाली. पण १९८५ पासूनच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाची रचना बालके आणि गरोदर माता यांच्याभोवती झाली, वृद्धांसाठी नेमाने द्यायची अशी कोणतीही लस त्यात आली नाही. परिणामी कोविडची लस आली तेव्हा साठीपुढच्या माणसांना रांगेत उभे करून लस देण्याचा अनुभव यंत्रणेपाशी नव्हता.

त्या वर्षीच्या घटनाक्रमाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२० मध्ये लसीकरणाचा प्राधान्यक्रम ठरला, त्यात पहिल्या क्रमांकावर काळजीगृहांतील वृद्ध आणि त्यांची शुश्रूषा करणारे कर्मचारी हे दोघेही एकत्र होते. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून मोहीम सुरू झाली, १ मार्चपासून साठ वर्षांवरील नागरिक पात्र ठरले. निकष वयाचा होता, निवासाचा नव्हता. चालता येणारा वृद्ध केंद्रावर गेला, अंथरुणाला खिळलेला राहिला. नोंदणी कोविन प्रणालीवर, आणि तीही आरंभी एका मोबाइल क्रमांकावर चारच व्यक्तींची. साठ माणसांच्या वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाला यातून काय खटाटोप करावा लागला असेल याची कल्पना करता येते. अनेकांपाशी ओळखपत्र नव्हते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मे २०२१ च्या सुमारास ओळखपत्र नसलेल्यांच्या लसीकरणाची कार्यपद्धती राज्यांना कळवली, तिच्यात वृद्धाश्रमातील नागरिकांचा उल्लेख कैदी, मनोरुग्णालयांतील रुग्ण, साधू आणि रस्त्यावरील भिक्षेकरी यांच्यासोबत आला. ती कार्यपद्धती उपयुक्तच होती. पण ज्यांनी उभे आयुष्य कर भरला, ज्यांच्या नावे कधीकाळी घर होते, ती माणसे आश्रमात गेल्यावर कागदोपत्री किती अनोळखी होतात, हेही त्या यादीने दाखवून दिले. मे महिन्याच्या अखेरीस घराजवळच्या लसीकरण केंद्रांविषयी मार्गदर्शक सूचना आल्या, मुंबई उच्च न्यायालयात अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरोघरी लसीकरणासाठी जनहित याचिका चालली, आणि मुंबईत अशा व्यक्तींच्या घरी पथके जाऊ लागली तेव्हा जुलै संपत आला होता; दुसरी लाट ओसरून गेली होती.

दरम्यान या वृद्धांना भरवणारे, अंघोळ घालणारे, कूस पालटून देणारे हात कोणाचे होते? वृद्धाश्रमातील मावशी, मामा आणि कर्मचारी पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत येणाऱ्या मुली बहुधा वीस ते चाळीस वर्षांच्या असतात. अठरा ते चव्वेचाळीस हा वयोगट १ मे २०२१ पासून पात्र ठरला, लशींच्या तुटवड्यामुळे महाराष्ट्राने त्याच महिन्यात त्याचे लसीकरण थांबवले, आणि ते जूनच्या उत्तरार्धात सर्वांसाठी पुन्हा खुले झाले. म्हणजे विषाणू आत आणण्याचा संभव ज्यांच्याकडून सर्वाधिक होता, त्यांना संरक्षण सर्वांत उशिरा मिळाले. यात त्या कर्मचाऱ्यांचा तिळमात्र दोष नाही. बारा तासांची पाळी, हार्बर मार्गावरील लोकलचा प्रवास, दिघा किंवा तुर्भ्यातील एका खोलीत चार-पाच जणींचे बिऱ्हाड आणि रजा घेतली की त्या दिवसाचा पगार बुडणार, अशा परिस्थितीत अंगात कणकण असतानाही कामावर येणे हा निष्काळजीपणा नसून नाइलाज असतो.

शुश्रूषा करणाऱ्यांच्या लसीकरणाने वृद्धांचे प्राण वाचतात, या विधानाला संशोधनाचा आधार आहे. स्कॉटलंडमधील वृद्धांच्या वीस दीर्घकालीन रुग्णालयांत झालेला आणि २००० मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. काही रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांना फ्लूची लस देऊ करण्यात आली व सुमारे निम्म्यांनी ती घेतली, इतर रुग्णालयांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास राहिले. त्या हिवाळ्यात पहिल्या गटातील रुग्णांचे मृत्यू १३.६ टक्के, तर दुसऱ्या गटातील २२.४ टक्के होते. पुढील समीक्षकांनी या अभ्यासाच्या रचनेवर आक्षेप घेतले आहेत, मृत्यूंतील एवढा मोठा फरक एकट्या फ्लूने समजावता येत नाही असे त्यांचे म्हणणे आहे, आणि तो आक्षेप बाजूला सारण्याजोगा नाही. तरीही दिशा पटण्यासारखी आहे : ज्याची स्वतःची प्रतिकारशक्ती लशीला अर्धवटच प्रतिसाद देते, त्याच्याभोवतीच्या माणसांना लस देणे हा त्याच्या संरक्षणाचा अविभाज्य भाग ठरतो.

लस घेतली म्हणजे काम संपले, असा समज मात्र नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यातच मोडला. भिवंडी तालुक्यात खडवलीजवळच्या मातोश्री वृद्धाश्रमात साठांहून अधिक जणांना कोविडची बाधा झाल्याचे आढळले आणि त्यांना ठाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात हलवावे लागले. त्यांतील बहुतेकांनी लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या होत्या, अनेकांना आधीचे दीर्घकालीन आजार होते आणि अनेकांत बाधा होऊनही लक्षणे नव्हती. या प्रसंगाचा उपयोग त्या वेळी काहींनी लस निरुपयोगी ठरवण्यासाठी केला, तो सर्वस्वी चुकीचा होता. वर्षाच्या पूर्वार्धात घेतलेल्या लशीचे संसर्गाविरुद्धचे संरक्षण काही महिन्यांत घटते, गंभीर आजाराविरुद्धचे अधिक टिकते, हे तोवर माहीत झाले होते. साठीपुढच्या सहव्याधिग्रस्तांना खबरदारीची मात्रा भारतात १० जानेवारी २०२२ पासून आणि सर्व ज्येष्ठांना १६ मार्चपासून मिळू लागली. खडवलीचा खरा धडा दुसरा आहे. लक्षणे नसलेले बाधित असतात, म्हणून पहिला रुग्ण सापडताच सर्वांची चाचणी करावी लागते, आणि साठ वृद्धांना एकाच वेळी हलवण्याची पाळी येईल हे गृहीत धरून वाहने, खाटा आणि सोबतची माणसे आधी ठरवून ठेवावी लागतात. नवी मुंबई महानगरपालिकेने ऑगस्ट २०२० मध्ये नेरूळच्या आपल्या रुग्णालयात स्वतःची आरटी-पीसीआर प्रयोगशाळा उभी केली, वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात कोविड रुग्णालय चालवले; चाचणी करण्याची क्षमता या शहरापाशी आहे. तिच्या दारापर्यंत वृद्धाश्रमातील नमुना पहिल्याच दिवशी पोहोचेल, अशी वाट मात्र आखलेली असावी लागते.

कोविड मागे पडला तरी फ्लू दरवर्षी येतो, आणि पूर्वतयारीची खरी कसोटी तोच आहे. महाराष्ट्रात त्याचे दोन हंगाम दिसतात, एक पावसाळ्यातला, जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरा जानेवारी ते मार्च. फ्लूचा विषाणू आपली बाह्य प्रथिने सतत बदलतो, म्हणून लशीतील घटक जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. भारत उत्तर गोलार्धात असला तरी पश्चिम किनाऱ्यावरील मोठी साथ पावसाबरोबर येते, त्यामुळे दक्षिण गोलार्धाची लस एप्रिल-मेमध्ये घेणे इथे अधिक सयुक्तिक ठरते. संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, हे धरले तर मृगाच्या आधी काम पूर्ण व्हायला हवे. दिवाळीनंतर, देणगीदार मिळाला म्हणून भरवलेल्या शिबिरात दिलेली लस वाया जात नाही, परंतु तिचा बराच लाभ निसटलेला असतो. फ्लूपाठोपाठ न्यूमोकोकस जिवाणूचा न्यूमोनिया होऊन वृद्ध दगावतात, म्हणून त्याची लसही याच यादीत येते. नागिणीची दोन मात्रांची नवी लस २०२३ पासून भारतात उपलब्ध आहे, पण तिची किंमत बहुतेक आश्रमांच्या आवाक्याबाहेर आहे.

ज्यांच्यासाठी नित्याची लस नाही असे विषाणू उरतातच. डेंग्यूच्या डासाला पाणी साठवलेले पिंप आणि फ्रीजमागचा ट्रे पुरतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धात तो आजार विशेष घातक होतो. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस सॅनिटायझरने नीट मरत नाही, त्याला साबण-पाणी आणि ब्लिचिंग पावडरचे द्रावण लागते, हे कोविडनंतर सॅनिटायझरच्या बाटल्यांवर विसंबलेल्या संस्थांना सांगावे लागते.

साथ शिरल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस निर्णायक असतात. बहात्तर तासांच्या आत दोन रहिवाशांना सारखी लक्षणे दिसली आणि त्यांतील एकात फ्लू सिद्ध झाला, तर तो उद्रेक मानून त्या विभागातील निरोगी रहिवाशांनाही ओसेल्टामिविर हे विषाणुरोधक औषध प्रतिबंधक मात्रेत सुरू करावे, ते किमान दोन आठवडे आणि शेवटच्या रुग्णानंतर सात दिवस द्यावे, अशी अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राची शिफारस आहे. आजारी व्यक्तीत हे औषध अठ्ठेचाळीस तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते. मूत्रपिंड अशक्त असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणजे प्रत्येक रहिवाशाचा क्रिएटिनिनचा अहवाल आधीच फाइलमध्ये हवा. ही सारी कामे डॉक्टर आठवड्यातून एकदा येणाऱ्या आश्रमात होत नाहीत. त्यासाठी एका नागरी आरोग्य केंद्राचे नाव, एका वैद्यकीय अधिकाऱ्याचा दूरध्वनी आणि एका परिचारिकेची ठरलेली भेट लागते.

भेटीबंदीचा प्रश्न वेगळा आणि अधिक दुखरा आहे. २०२० मध्ये वृद्धाश्रमांची दारे बंद झाली ती अनेक ठिकाणी वर्षभर उघडली नाहीत. विषाणू बाहेर ठेवण्याचा तो सर्वांत सोपा उपाय होता, आणि काही आठवड्यांपुरता तो योग्यही होता. परंतु स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला मुखपट्टीआडचा चेहरा ओळखता येत नाही, व्हिडिओ कॉलवरची मुलगी त्याला दूरदर्शनवरील बाई वाटते, आणि रविवारी येणारे माणूस येईनासे झाले की तो खाणे सोडतो. अशा मृत्यूंची नोंद कोणत्याही साथीच्या तक्त्यात होत नाही. लसीकरणाचा एक मोठा लाभ म्हणूनच वैद्यकीय आकड्यांच्या पलीकडचा आहे : लस घेतलेल्या रहिवाशाला लस घेतलेला नातेवाईक उघड्या व्हरांड्यात भेटू शकतो, आणि पुढच्या साथीत बंदीचा काळ महिन्यांऐवजी दिवसांत मोजता येतो. मृत्युशय्येवरील व्यक्तीच्या भेटीवर तर कोणत्याही टप्प्यावर संपूर्ण बंदी असू नये, हे आधीच लिहून ठेवले पाहिजे, कारण साथीच्या धामधुमीत घाबरलेला व्यवस्थापक ते ठरवू शकत नाही.

संमतीचेही तसेच. समज शाबूत असलेल्या वृद्धाला लस घेण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार आहे, तो आश्रित आहे म्हणून तो अधिकार कमी होत नाही. ज्याची समज हरपली आहे त्याच्या वतीने निर्णय कोण घेणार, हे प्रवेशाच्या दिवशीच लेखी ठरावे. आश्रमांच्या प्रवेश अर्जांत अनामत रकमेचा आणि बहुधा अंत्यविधी कोणी करावा याचाही रकाना असतो. लसीकरणाच्या इतिहासाचा रकाना क्वचित आढळतो. रहिवासी वर्षभर येत-जात असतात, कर्मचारी तर दर महिन्याला बदलतात, त्यामुळे वर्षातून एकदाच्या शिबिराने हे काम भागत नाही; प्रवेशाच्या आणि नेमणुकीच्या वेळीच मात्रा तपासली जाणे आवश्यक आहे.

उरतो तो खर्च. फ्लूच्या एका मात्रेला खासगी बाजारात दीड-दोन हजार रुपये पडतात, आणि पन्नास रहिवासी व वीस कर्मचारी असलेल्या धर्मादाय संस्थेला दरवर्षी एवढी रक्कम उभी करणे जड जाते. महाराष्ट्राने २००९ आणि २०१५ च्या साथींनंतर गरोदर स्त्रिया, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना फ्लूची लस मोफत व ऐच्छिक स्वरूपात देण्यास सुरुवात केली. आश्रमातील बहुतेक रहिवासी मधुमेह किंवा रक्तदाबामुळे त्या यादीत बसतातच. तिच्यात वृद्धाश्रमाचे रहिवासी आणि तेथील शुश्रूषा कर्मचारी हे दोन गट नावानिशी घालणे, २००७ च्या अधिनियमाखालील राज्याच्या २०१० च्या नियमांत लसीकरण नोंदवही व संलग्न आरोग्य केंद्र यांची अट जोडणे, आणि नवी मुंबई व पनवेल महानगरपालिका व रायगड जिल्हा परिषद यांनी आपापल्या हद्दीतील नोंदणीकृत व अनोंदणीकृत आश्रमांची एक सामाईक यादी दर मार्चमध्ये अद्ययावत करणे, एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही. अनोंदणीकृत आश्रम कारवाईच्या भीतीने यादीबाहेर राहतील, हा धोका आहे. म्हणून लसीकरणाची यादी आणि परवान्यांची तपासणी ही दोन कामे आरंभी वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असावीत.